पाठीवर नाव कोरलेलं घड्याळ

आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी जावयाला घड्याळ दिलं, आणि देण्याआधीच ते बिघडवलं. हे असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी वडिलांवर राग धरून आहे. तसं काही नाही. वडील जाफराबादकडचे, कपाशी पिकवणारे, आणि एखादी गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली की ब्रह्मदेव खाली आला तरी ऐकायचे नाहीत. एक्क्याऐंशी सालची गोष्ट. रुखवताची भांडी घ्यायला ते जुन्या जालन्यात गेले होते, मी बरोबर होते. आमच्याकडे लग्नात द्यायचं प्रत्येक भांडं नाव टाकून देतात. पातेल्यावर, तांब्यावर, डावावरसुद्धा देणाऱ्याचं नाव आणि गाव पाहिजे, नाहीतर सासरच्यांना उद्या कळायचं कसं की हे कोणी दिलं? भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर विजेचं पेन घेऊन एक माणूस बसलेला होता, तो घुर्रघुर्र करत नावं टाकत होता. सगळी भांडी झाली. मग वडिलांनी खिशातून जावयाचं नवंकोरं घड्याळ काढलं, पालथं केलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"याच्यावर बी टाका."

"काका, हे घड्याळ हाय," तो म्हणाला.

"मंग? स्टीलच हाय ना?"

त्यानेही फार वाद घातला नाही. 'सप्रेम भेट', त्याखाली वडिलांचं नाव, त्याखाली गावाचं. हाताला सवय पातेल्याच्या अक्षरांची, त्यामुळे गावाचं शेवटचं अक्षर जागा न उरल्याने कडेवर चढून बसलं. त्या दिवसापासून ते घड्याळ दिवसाला दहा मिनिटं पुढे पळायला लागलं. पुढे अंबडच्या एका घड्याळवाल्याने सांगितलं की त्या विजेच्या पेनामुळे आतल्या बारीक स्प्रिंगला चुंबक लागलंय, ते काढता येतं. आमच्या ह्यांनी घड्याळ त्याच्या हातातून परत घेतलं आणि मनगटावर बांधलं. "राहू द्या," म्हणाले. "सासऱ्यांनी मला रोज दहा मिनिटं जादा दिलीत. ती कशाला परत करू?"

हे अंबडच्या कोर्टात कारकून होते आणि मी तिथेच शाळेत शिकवायचे. पांढऱ्या तबकडीचं, देवनागरी आकड्यांचं, रोज चावी द्यावी लागणारं ते घड्याळ आमच्या घराची सकाळ चालवायचं. हे अंघोळीला जाताना ते काढून खिडकीत ठेवायचे. मोरीतून हाक यायची, "किती वाजले?" मी बघायची, त्यातून दहा वजा करायची आणि सांगायची. मग चावी द्यायची, रेडिओवर बातम्या लागल्या की काटा मागे घेऊन वेळ लावायची. मुलगी बोलायला लागली तेव्हा तीही मध्येच ओरडायची, "दहा कमी करून सांग." आमच्या घरी पाहुणा आला की त्याला वाटायचं, ह्या लोकांना घड्याळ कळत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी, कोर्टाच्या व्हरांड्यातच, ह्यांच्या छातीत कळ आली. जालन्याला नेईपर्यंत संपलं होतं. सासऱ्यांनी दिलेली जादा मिनिटं कुठल्याच हिशेबात आली नाहीत, हा राग मात्र मला आला आणि अजून येतो.

तेराव्याला माणसाच्या वापरातल्या वस्तू दान देतात. छत्री, चपला, अंथरूण, तांब्या. मी आत बायकांच्या गराड्यात बसले होते. बाहेरचं सगळं धाकट्या दिरांनी केलं, आणि खरं सांगते, मनापासून केलं. दिवस मावळता मी खिडकीत पाहिलं तर घड्याळ नाही. दिरांना विचारलं.

"वैनी, ते बी दिलं," ते म्हणाले. "वापरातलं दिलं तरच दादाला तिकडं पोचतं. घड्याळाबिगर दादाचं कसं होईन?"

बोलता बोलता ते रडायला लागले. दिलेलं दान परत मागत नाहीत. पुढे एकदा ते दान घेतलेले गुरुजी मला बाजारात दिसले. त्यांनी हसून विचारपूस केली. मी त्यांच्याशी बोलत होते आणि त्यांच्या मनगटाकडे बघत होते. मनगट मोकळं होतं.

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. तिनेच मला ईमेल करायला शिकवलं. एसटी स्टँडजवळ एका भाईंचं झेरॉक्सचं दुकान होतं, त्यात प्लायवूडचे आडोसे करून त्यांनी कॉम्प्युटर बसवले होते. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. सुरुवातीला मुलीची पत्रं लांबलचक यायची. मग ती आखूड झाली. मग 'आई, कामात आहे, रविवारी फोन करते' एवढंच यायला लागलं. तिची चूक नव्हती, तिच्या वयात मीही आईला रोज आठवत नव्हते. पण अर्ध्या तासाचे पैसे आधीच दिलेले, पत्र एका ओळीत संपलेलं, आणि घरी जाऊन करायचं काय? एका संध्याकाळी मी तिथे बसून ह्यांच्या घड्याळाच्या कंपनीचं नाव टाइप केलं.

ते समोर आलं. मला वाटलं नव्हतं असं काही होईल. तीच पांढरी तबकडी, तेच आकडे, खालच्या सहाची तीच वेलांटीसारखी शेपटी. मी तोंडाला पदर लावून रडले. आडोसे होते म्हणून बरं.

जुनी घड्याळं विकणारे लोक असतात आणि ती विकत घेणारेही असतात, हे मला तेव्हा कळलं. मग मी रोज तेच बघायला लागले. खरं-खोटं कसं ओळखायचं याबद्दल इंग्रजीत पानंच्या पानं लिहिलेली होती, ती मी परीक्षेसारखी वाचली. तबकडी नव्याने रंगवलेली असेल तर आकड्यांच्या कडा जाड दिसतात. काटे भलत्याच घड्याळाचे बसवतात. चावीचं बोंडूक बदललेलं असतं. एखादं घड्याळ बाहेरून झकास दिसतं आणि आत पाच घड्याळांची भरती असते. मी शिक्षिका आहे, चुका शोधण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आठवडाभरात मी चित्र बघून 'हे रंगवलेलं' असं म्हणायला लागले.

शेवटी दोनच उरली. एक स्वच्छ होतं. विकणारा मुंबईचा, त्याने लिहिलं होतं की सगळे भाग मूळचे आहेत, पाठीवर एक ओरखडा नाही. दुसरं नागपूरच्या माणसाचं. समोरून थोडं पिवळं पडलेलं, काचेला चीर. पाठीचा फोटो त्याने वेगळा दिला होता आणि खाली लिहिलं होतं की मागच्या बाजूला स्थानिक भाषेत काहीतरी कोरून खराब केलेलं आहे, म्हणून किंमत कमी.

मी खुर्ची पुढे ओढली. 'सप्रेम भेट' वाचता येत होतं. खाली कुणा एका माणसाचं नाव आणि विदर्भातलं एक गाव. तीच विजेच्या पेनाची थरथरती अक्षरं. म्हणजे जगात माझ्या वडिलांसारखा आणखी एक हट्टी माणूस होता. मला इतकं हसू आलं की दुकानातले भाई आडोशावरून डोकावले.

"बाई, काय झालं?"

"काही नाही. एक जण घड्याळाला पातेलं समजला."

त्यांना काही समजलं नाही. पण इतके दिवस मी काय बघते हे त्यांना माहीत होतं. "रोज येऊन तेच पाहून राह्यल्या तुम्ही," ते म्हणाले. "घेऊन टाका ना बाई. न्हाई तर सोडून द्या. असं मधीच लटकणं बराबर न्हाई."

त्यांचं खरं होतं. मी लटकलेच होते. घड्याळ घ्यावं असं मनात येत होतं आणि भीतीही वाटत होती. भीती पैशांची नव्हती. आत्तापर्यंत माझ्याकडे काही नव्हतं, पण जे नव्हतं ते खरं होतं. उद्या एक परकं घड्याळ खिडकीत येऊन बसेल, ते बघून मला काहीच वाटणार नाही, आणि मग ह्यांची आठवण काढायची ती जागाही जाईल. असं झालं तर मी काय करणार होते? रविवारी मुलीला फोनवर विचारलं.

"आई, बाबांचं नाहीये ते," ती म्हणाली.

"ते मला कळतं."

"आणि घ्यायचंच असेल तर स्वच्छ घे. दुसऱ्या कुणाचं नाव कोरलेलं कशाला आणतेस घरात? उगीच वापरलेल्या वस्तू."

तिचंही चूक नव्हतं. मी मुंबईवाल्याला इंग्रजीत विचारलं, घड्याळ वेळ कशी दाखवतं? त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. अगदी अचूक, त्याने लिहिलं होतं, दिवसभरात मिनिटाचाही फरक पडत नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला त्या भल्या माणसाचा विनाकारण राग आला. अचूक वेळ घेऊन मी काय करणार होते? शाळेत घंटा आहे, घरी भिंतीवर सेलचं घड्याळ आहे, आणि मला वेळ विचारणारं घरात कोणी नाही. मोरीचं दार उघडं असतं. खिडकी रिकामी असते. दिवसच्या दिवस मी घरात एक शब्द बोलत नाही, मग भाजीवालीशी बोलताना माझाच आवाज मला मोठा वाटतो. हे मी मुलीला कधी सांगितलेलं नाही.

मग मी नागपूरच्या घड्याळाचा फोटो पुन्हा उघडला. ज्याने हे नाव टाकून घेतलं तो आता नसणार. ज्याच्या मनगटावर बांधलं तोही बहुधा नसेल. त्यांच्या घरी कोणी तरी ते काढून दिलं, आणि ते देताना त्या घरच्या बाईला विचारलं होतं की नाही, मला कसं कळणार? पण एवढं कळत होतं की माझ्या वडिलांचं नावही असंच कुठल्या तरी फोटोत पालथं पडलेलं असेल. त्याच्याखालीही कोणी लिहिलं असेल की खराब केलेलं आहे, म्हणून किंमत कमी. ते कुणीतरी घ्यायला हवं होतं, शहाणपणा न करता. मी नागपूरच्या माणसाला लिहिलं की मला पाहिजे, पोस्टाने व्हीपी करा, पैसे पोस्टमनच्या हातात देते.

पोस्टमनने पाकीट आणलं तेव्हा मी ते स्वयंपाकघरात नेऊन उघडलं. घड्याळ बंद होतं. चावी दिली, चालू झालं. कानाला लावलं. आवाज तोच होता, पण मला जे वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. घड्याळ परकंच होतं. मी पाठीवरून अंगठा फिरवला, ते अनोळखी नाव बोटाला लागलं, आणि मी त्याला म्हटलं, "बसा." मग ते खिडकीत ठेवलं. रोज सकाळी चावी द्यायला लागले, कारण चावी न देता ठेवायला मन होईना.

दिवाळीला मुलगी आली. तिने घड्याळ उलटं करून नाव वाचलं.

"कोण हे?"

"कुणाचे तरी वडील," मी म्हटलं.

तिने ते परत ठेवलं ते बरोबर ह्यांचं घड्याळ असायचं त्या जागी, खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात.

परतायच्या दिवशी तिला सकाळची पुण्याची बस गाठायची होती. ती मोरीत होती, मी पोहे परतत होते. आतून हाक आली, "आई, किती वाजले?"

माझा हात तसाच थांबला. किती वर्षांनी त्या दारातून तो प्रश्न आला होता. मी गॅस बारीक केला, खिडकीपाशी गेले, वेळ वाचून सांगितली. आत पाण्याचा आवाज थांबला.

"दहा कमी करून सांगितलंस ना?"

मी घड्याळ हातात घेतलं. ते बरोबर चालत होतं, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मी बोंडूक बाहेर ओढलं, काटा दहा मिनिटं पुढे नेला, बोंडूक परत आत दाबलं.

"हो," मी म्हटलं. "कमी करून."