पावडरीचा डबा

राहात्याच्या बाजारपेठेत गहिनीनाथचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे पुढं एक काउंटर, मधे पडदा, आणि पडद्यामागं आरसा, कंगवा नि पावडरीचा डबा. गिऱ्हाईक आत आलं की गहिनीनाथ आधी त्याच्या तोंडाकडं बघायचा. तोंड जरा सावळं दिसलं की स्वतःच्या हातानं डबा पुढं करायचा. "लावा थोडी. रंग देवानं द्यायचा, फोटो मी द्यायचा," असं वर म्हणायचा. हे वाक्य त्याला इतकं आवडायचं की रोज कुणा ना कुणाच्या पदरात ते पडायचंच. लोक हसायचे आणि मुकाट्यानं पावडर लावायचे.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. बाप दुसऱ्याच्या पेरूच्या बागा राखायचा. हा बारावीला आपटला आणि नगरला एका फोटोग्राफरकडं पडेल ते काम करायला राहिला. अंधाऱ्या खोलीत औषधाच्या पाण्यात हात घालून घालून त्यानं नखं तपकिरी करून घेतली, पासपोर्ट फोटो काढायला शिकला आणि गावी येऊन दुकान थाटलं. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमाराला लग्नाचे अल्बम सगळीकडं रंगीत झाले, तेव्हा त्यानं एक वापरलेला जपानी कॅमेरा मिळवला आणि त्यावर बसवायला मोठा फ्लॅश घेतला.

हा फ्लॅश ऑटो होता. त्याच्या छातीवर वाटाण्याएवढा काचेचा डोळा होता. फ्लॅशचा उजेड समोरच्यावर पडून माघारी आला की हा डोळा तो मोजायचा, आणि पुरेसा झालाय असं त्याला वाटलं की फ्लॅश आपोआप बंद व्हायचा. ज्यानं हे सामान विकलं त्यानं गहिनीनाथला एवढंच शिकवलं होतं: बटण ऑटोवर ठेव, अॅपर्चर, म्हणजे भिंग किती उघडायचं तो आकडा, आठवर ठेव, आणि डोकं चालवू नकोस. यातली शेवटची सूचना गहिनीनाथनं अगदी मनापासून पाळली.

आणि चाललंही होतं झकास. लाल-पिवळे मांडव, हिरवे शालू, जरीचे फेटे, सगळं छान यायचं. मग पलीकडच्या गावातल्या रंभाजीच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. रंभाजी साखर कारखान्यात कामगार. मुलगी प्रज्ञा डी.एड. होऊन कोपरगाव तालुक्यात प्राथमिक शाळेवर शिकवत होती. वस्तीतलं हे बौद्ध पद्धतीचं लग्न. नवरीला पांढरी साडी, नवरदेव सम्राट पांढऱ्या कपड्यांत, स्टेजला पांढरं कापड, त्यापुढं बुद्धाची नि बाबासाहेबांची तसबीर आणि मेणबत्त्या. वऱ्हाडही बहुतेक पांढऱ्यातच. गहिनीनाथनं बटण ऑटोवर ठेवलं, आकडा आठवर ठेवला आणि खुशाल फोटो ओढत सुटला. जेवायला बसा म्हणाले तेव्हा "आज उपास आहे" म्हणून सटकला. उपासबिपास काही नव्हता. त्या वस्तीत लग्न असलं की त्याला नेहमीच उपास असायचा.

नगरच्या लॅबमधून फोटो आले तेव्हा त्यानं ते दिव्याखाली धरून पुन्हा पुन्हा बघितले. साड्या राखाडी आणि तोंडं कोळशागत. नवरी ओळखायची तर हारावरून. पण पकडला गेलेला माणूस दुसऱ्याचा गळा शोधायला फार वेळ लावत नाही.

बाजाराच्या दिवशी रंभाजी, त्याची बायको चांगुणाबाई आणि प्रज्ञा अल्बम न्यायला आले. दुकानात गर्दी होती. शेजारचा मच्छिंद्र शिंपी चहाचा कप घेऊन नेहमीसारखा स्टुलावर येऊन बसला होता. रंभाजीनं दोन पानं उलटली आणि अल्बम डोळ्यांजवळ नेला.

"ही कोन हाय?" त्यानं विचारलं. "आमची पोर कुटं हाय ह्यात?"

"अरे रंभाजी," गहिनीनाथ सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "कापडं पांढरीफेक आणि माणसं ही अशी. कॅमेरा बिचारा काय करणार? रंग देवानं द्यायचा, फोटो मी द्यायचा!"

मच्छिंद्राला हसताना चहाचा ठसका लागला. आणखी दोघं-चौघं हसले. रंभाजी गहिनीनाथच्या बापाच्या वयाचा होता, पण त्या वस्तीतल्या माणसाला अरे-तुरे करायची बाजारपेठेची जुनी खोड, तीच याचीही. चांगुणाबाईनं पदर पुढं ओढला. प्रज्ञा मात्र हसणाऱ्यांकडं बघत नव्हती. तिनं अल्बमचं शेवटचं पान काढलं. निघतानाचा फोटो होता तो, टेम्पोच्या निळ्याकाळ्या ताडपत्रीपुढं ती उभी होती. त्यात तिचा चेहरा स्पष्ट होता, डोळ्यांतलं पाणीसुद्धा दिसत होतं.

"आणि ह्यात?" तिनं फोटोवर बोट ठेवलं. "ह्यातही मीच आहे. साडीही तीच आहे. मग रंग तेवढ्यात बदलला का?"

"तो नशिबानं आला," गहिनीनाथ म्हणाला. त्यानं वाकून बघितलंसुद्धा नाही.

"चल बाय," चांगुणाबाई लेकीला म्हणाली. "आपला रंगच तसा. फोटूवाला काय करंन?"

ते गेले. गहिनीनाथनं पुढच्या गिऱ्हाइकापुढं पावडरीचा डबा सरकवला.

पावसाळा सरला आणि गावात एका पतसंस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. चेअरमन असे गोरे की उन्हात लाल व्हायचे. संचालक मंडळ झाडून कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, आणि पाठीमागं नव्या चुन्याची पांढरी भिंत. गहिनीनाथनं बटण ऑटोवर, आकडा आठवर ठेवला.

फोटो आले आणि सगळं संचालक मंडळ वीटभट्टीवरून उठून आल्यासारखं दिसत होतं. चेअरमन तर गळ्यातल्या हारावरून ओळखायचे.

आता काय करावं? "साहेब, रंग देवानं द्यायचा" असं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. मनातसुद्धा आलं नाही. त्यानं तडक नगरची एस.टी. पकडली आणि लॅबवाल्यावर खेकसला. लॅबवाल्यानं शांतपणे निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरली. "निगेटिव्हच पातळ आहे. तोंडापर्यंत उजेडच पोचलेला नाही. तुमचा फ्लॅश तपासा."

मग गहिनीनाथनं आयुष्यात पहिल्यांदा डोकं चालवलं. फीत कापतानाचे फोटो त्यानं नीट बघितले. तिथं मागं किरमिजी पडदा होता आणि तिथं चेअरमन झक्क गोरे आले होते. माणूस तोच, कपडे तेच, फ्लॅश तोच. घरी त्यानं परसातल्या भिंतीला पांढरी चादर टांगली, बायकोला, ज्ञानेश्वरीला, पांढरी शाल पांघरून पुढं उभं केलं. मग चादर काढून काळं घोंगडं टांगलं आणि पुन्हा काढले. आकडा आठ, मग पाच पॉइंट सहा, मग चार; आकडा जितका लहान, तितकं भिंग जास्त उघडं. "मला काय बुजगावणं केलंय का?" म्हणून ती करवादली, पण उभी राहिली. रीळ धुऊन आलं तेव्हा कोडं सुटलं. समोर सगळं पांढरं असलं की उजेड दणकून माघारी येतो, फ्लॅशचा डोळा दिपतो, काम झालं असं समजून फ्लॅश लवकर बंद करतो, आणि माणसाचं तोंड अंधारात राहतं. पांढऱ्यासमोर भिंग जास्त उघडायचं, नाहीतर ऑटो बंद करून पुरा फ्लॅश मारायचा आणि अंतर बघून आकडा लावायचा. एवढंच होतं सगळं.

तो पतसंस्थेत गेला, हात जोडून म्हणाला, "साहेब, माझी फ्लॅशची सेटिंग चुकली. पुन्हा काढतो." चेअरमन हसले, संचालकांनी पुन्हा इस्त्रीचे कपडे चढवले आणि फोटो उत्तम आले. सगळ्यांनी पाठ थोपटली.

लुनावरून घरी येताना मात्र त्याला एकदम ती ताडपत्री आठवली. किरमिजी पडदा आणि निळीकाळी ताडपत्री. ज्या गोष्टीसाठी तो नगरला खेपा घालून आला, ती त्या पोरीनं त्याच्याच काउंटरवर बोट ठेवून दाखवली होती. चेअरमनचं तोंड काळं आलं तेव्हा त्यानं चूक फ्लॅशमध्ये शोधली होती, आणि प्रज्ञाचं आलं तेव्हा प्रज्ञामध्ये. त्याला लुना चालवेना. रस्त्याच्या कडेला गाडी लावून तो उसाच्या बांधावर बसून राहिला. कुणी बघत नव्हतं तरी त्याला मान वर करायची लाज वाटत होती.

त्यानं प्रज्ञाच्या लग्नाच्या निगेटिव्ह काढून बघितल्या. सगळ्या पातळ. त्यातून आता काही निघणार नव्हतं, आणि लग्न काही पुन्हा लागत नाही. बरेच दिवस त्यानं चालढकल केली. शाळेला सुट्टी लागून प्रज्ञा माहेरी आल्याचं कळलं, तेव्हा मात्र वस्तीत गेला.

रंभाजीनं खुर्ची टाकली. चांगुणाबाईनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि चहा टाकू का म्हणून विचारताना ती अडखळली. "तुमचा उपास तर न्हाई ना आज?" ती अगदी सरळ मनानं विचारत होती. गहिनीनाथला ते जास्तच लागलं. त्यानं मान हलवली, चहा घेतला आणि कसाबसा बोलला, "ते लग्नाचे फोटो... चूक माझी होती. पोरीच्या रंगाची नव्हती."

"जाऊ द्या वो," चांगुणाबाई त्याचीच समजूत घालायला लागली. "आमची पोर काळीच हाय. तुमी तरी काय करनार?"

आपलंच वाक्य आपल्याच ताटात परत आलेलं बघून त्यानं कप खाली ठेवला. प्रज्ञा दारात उभी राहून ऐकत होती.

"तुम्ही बोललात ते भर बाजारात, चार माणसांत," ती म्हणाली. "आणि चूक सांगायला इथं घरात आलात."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. गहिनीनाथ खाली बघून म्हणाला, "बाजाराच्या दिवशी दुकानात या. तिघंही."

बाजाराच्या दिवशी सकाळपासून त्याचं कामात लक्ष नव्हतं. त्यांनी येऊ नये असंही एकदा वाटून गेलं. पण ती तिघं आली, ऐन गर्दीत. चांगुणाबाईनं लेकीच्या लग्नात नेसलेली पांढरी साडी नेसली होती. मच्छिंद्र स्टुलावर होताच.

"त्या लग्नाच्या फोटोंचं सांगायचं होतं," गहिनीनाथनं सुरुवात केली. सगळे बघायला लागले तशी त्याची जीभ जुन्या वाटेनं गेली. "म्हणजे लॅबनं... म्हणजे फ्लॅशची चूक झाली होती."

"आं?" मच्छिंद्र म्हणाला. "फ्लॅशची कशी? तूच म्हनला हुतास ना, रंग देवानं..."

"फ्लॅश कुणाच्या हातात होता?" प्रज्ञानं विचारलं.

पुढं उभ्या असलेल्या बाईनं पेरूची पाटी खाली ठेवली.

"माझ्या," गहिनीनाथ म्हणाला. इतकं हळू, की कारखान्याच्या धडधडाटात कान गेलेल्या रंभाजीला ते ऐकूच आलं नाही.

"काय म्हनलं?" त्यानं कानाला हात लावला.

आता सुटका नव्हती. "माझ्या हातात होता, रंभाजीबाबा!" गहिनीनाथ ओरडला. "चूक माझी होती! तुमच्या पोरीच्या रंगाची नव्हती! मला काम येत नव्हतं, आणि मी तुम्हाला सगळ्यांदेखत बोललो!"

मच्छिंद्र कपात बघायला लागला. रंभाजीनं सावकाश मान हलवली. "आसं हाय व्हय," एवढंच तो म्हणाला. प्रज्ञा पडद्याकडं वळली. मग म्हणाली, "काढा आता. आम्हा तिघांचा."

गहिनीनाथनं मुद्दाम पांढरी चादर टांगली. ऑटो बंद केलं, अंतर पावलांनी मोजलं, आकडा लावला, पुन्हा तपासला. मग कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत रंभाजी होता, प्रज्ञा होती, पण चांगुणाबाई नव्हती.

ती आरशापुढं उभी होती. पावडरीचा डबा तिनं आपणहून उघडला होता आणि तळहातावर घेऊन घाईघाईनं गालाला लावत होती.

"थांबा हं, भाऊ," ती म्हणाली. "जरा लावते. न्हाईतर माज्यापायी पुन्यांदा तुमचा फोटू खराब व्हायचा."

गहिनीनाथचा कॅमेरा खाली आला. "लागत नाही, मावशी," तो म्हणाला. "कधीच लागत नव्हती."

तिनं लेकीकडं बघितलं, ओशाळून पदरानं तोंड पुसलं आणि येऊन उभी राहिली. डाव्या गालावर थोडी पावडर तशीच राहिली होती. ती पुसा असं म्हणायला गहिनीनाथला तोंड उरलं नव्हतं. त्यानं बटण दाबलं.

फोटो चांगला आला, त्याच्या हातून आजवर आला नव्हता इतका चांगला. पांढरी साडी पांढरी, तिघांचे चेहरे जसेच्या तसे. चांगुणाबाईच्या गालावरची पावडरसुद्धा त्यात स्पष्ट दिसत होती.