रंगाबाई नाव घेत नसत

रंगाबाई ज्या बाईंबरोबर राहत, त्यांचं नाव काही केल्या घेत नसत. दोघी परदेशी चित्रकार. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं, तेव्हा राजगडाची चित्रं रंगवायला म्हणून गडाच्या पायथ्याला पालीत आल्या आणि चार वर्षं हलल्या नाहीत. सदा रंगात हात, म्हणून एकीला गाव 'रंगाबाई' म्हणे, दुसरीला 'धाकल्या बाई'. मी तिथल्या शाळेत शिक्षिका, आणि फावल्या वेळात रंगाबाईंची मराठीची मास्तरीण.

मी 'नाही' शिकवलं, त्या ओढ्यावर धुणं धुताना 'न्हाई' शिकल्या. घरच्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं, हेही तिथलंच शिक्षण. मग त्या चढावरून ओरडत, "अवो, ऐकलं का?" खाली खाचरातले तीन नवरे एकदम माना वर करत.

"रंगाबाई, असं फक्त नवऱ्याला म्हणतात," मी एकदा सांगितलं.

"मंग बराबर म्हनते की," त्या ब्रश धूत म्हणाल्या. मी ती व्याकरणाची चूक म्हणून सोडून दिली.

रविवारी पुण्याहून त्यांच्या मैत्रिणी एसटीनं येत, सगळ्या परदेशी, सगळ्या चित्रं नाहीतर मूर्ती करणाऱ्या. त्या धाकल्या बाईंना सर्रास नावानं हाक मारत, आणि आमच्या बायका तोंडाला पदर लावत. रंगाबाईही लाजून लाल होत.

एका पावसाळ्यात धाकल्या बाईंना विषमज्वर झाला. टेम्पोत घालून भोरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सोबत मी आणि शेजारच्या सरूबाई.

"या पेशंटच्या कोण?" कारकुनानं विचारलं.

रंगाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेली, नेमकं बोलणारी. "मैत्रीण," म्हणाले.

"मग जा घरी. इथं घरचंच माणूस थांबतं."

रंगाबाईंना रडू फुटलं. आत धाकल्या बाई तापात त्यांनाच हाका मारत होत्या. तेवढ्यात सरूबाई पुढं सरसावल्या.

"अवो सायेब, मैतरीण कुठली? चार वर्सं झाली, हिनं तिचं नाव घेतल्यालं न्हाई. घरचं मानूस आनखी कसं असतंय?"

कारकून लग्न झालेला असावा. दारातून बाजूला झाला.

धाकल्या बाई बऱ्या झाल्या, पुढं दोघी मायदेशी गेल्या. पण त्या दिवशी परतताना मी सरूबाईंना विचारलं, "तुम्हाला हे कधीपासून ठाऊक?"

"समद्या गावाला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी त्यास्नी शिकवीत हुता, म्हून वाटलं, तुमास्नी कळलंच आसंल."

माझ्या एका नेमक्या शब्दानं रंगाबाई दाराबाहेर राहणार होत्या. त्याची लाज मला अजून वाटते.