पारोळ्यावरची काळी फट

नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधली म्हणून सख्ख्या नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरलेली बाई मी. इथले भुताखेतांचे अनुभव वाचून गालातल्या गालात हसायचे, हेही कबूल करते. पण गेल्या ऑक्टोबरात जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं...

मी मूळची धुळ्याची, देवपूरची. छोटी चार्टर विमानं चालवते. त्या दुपारी मुंबईहून जळगावला चाललो होतो. मागे तीनच माणसं — बायपास होऊन घरी निघालेल्या एरंडोलकडच्या अक्का, त्यांचा मुलगा आणि एक नर्स. टाके ताजे, म्हणून अक्का छातीशी उशी धरून बसलेल्या. यांना जोराचा हिसका बसता कामा नये, असं डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं.

धुळं मागे पडलं आणि आम्ही पावसात शिरलो. पुढे तर परतीच्या पावसाचे ढग नुसते उभेच्या उभे. विमानाच्या नाकात रडार असतं. पडद्यावर हिरवा म्हणजे हलका पाऊस, पिवळा म्हणजे जोराचा, लाल दिसला की तिकडे फिरकायचं नाही. काळं म्हणजे काही नाही. पारोळ्यावर दोन लाल डाग होते, मध्ये थोडी पिवळी कड आणि तिच्यामागे छान काळी फट. तिथून सरळ गेलं की जळगाव आलंच! अक्कांना लवकर जमिनीवर टेकवावं, एवढंच माझ्या डोक्यात. को-पायलट मॅथ्यू केरळचा. त्याला म्हटलं, मधूनच काढू. त्यानेही मान डोलावली.

तेवढ्यात हेडफोनमध्ये आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा, अजिबात घाई नसलेला.

"माय, तठे जाऊ नको. ते मोकयं नही शे. मांगे बठ्ठं भरेल शे."

ते मोकळं नाही, मागे सगळं भरलेलं आहे — आणि तेही चक्क अहिराणीत! रेडिओवर आम्ही सगळे इंग्रजीत बोलतो हो. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बटण दाबून मीही अहिराणीतच विचारलं, "कोन बोली राह्यनं?" कंट्रोलर गोंधळून म्हणाला, पुन्हा सांगा, कळलं नाही.

आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली. जोराचा पाऊस रडारच्या लहरी गिळतो, त्याच्यामागचं रडारला दिसतच नाही आणि पडदा तिथे काळा राहतो. हे आम्हाला अगदी सुरुवातीला शिकवतात, मी स्वतः नव्या मुलांना शिकवलंय. पोहणाराच बुडतो म्हणतात ना, तशी गत. विमान डावीकडे नरडाण्याच्या बाजूला वळवलं आणि तापीवरून लांबचा फेरा घेतला. बाजूने पाहिलं तर ती फट लालभडक होती, दोन्ही डागांपेक्षा वाईट.

जळगावला उतरलो तेव्हा अक्का गाढ झोपलेल्या. मुलाने माझे आभार मानले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते गेल्यावर मॅथ्यूला म्हटलं, मला आज भास झाला बहुतेक. तर तो म्हणाला, भास कसला मॅडम, मीही ऐकलं. त्याला मराठीचं एक अक्षर येत नाही. आणि त्याने मोडक्या उच्चारात मला ऐकवलं, "तठे जाऊ नको." वर विचारतो, याचा अर्थ काय? मी तिथेच विमानाच्या पायरीवर बसले आणि रडले. भीतीने नाही, सुटल्याच्या आनंदाने.

पुढे रेडिओचं रेकॉर्डिंग मागवून ऐकलं. त्यात माझं "कोन बोली राह्यनं" अगदी स्वच्छ आहे. त्याच्याआधी नुसती खरखर. त्या वेळी आसपास दुसरं विमानही नव्हतं. विज्ञान शिकलेली बाई आहे मी, सगळं उलटंपालटं करून पाहिलं, हाती काही लागलं नाही. भूत म्हणा, योगायोग म्हणा, मला आता कुणाशी भांडायचं नाही.

परवा अक्कांच्या मुलाचा फोन आला होता. अक्का रोज सकाळी शेतापर्यंत चालत जातात, सुनेला भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोलतात.

हे लिहायचं कारण एवढंच, की ज्यांनी मला अडवलं त्यांचे आभार कुठे मानायचे तेच मला माहीत नाही. नावही ठाऊक नाही, आवाज म्हाताऱ्याचा म्हणून मी आपली आबा म्हणते, आणि इथेच सांगते.

आबा, अक्का घर पोचनी. बरी शे.