बाईंच्या मापाची सायकल

टेलरमास्तरांच्या घराचं दार उघडलं की आधी शिलाई मशीन दिसायचं, मग कापायचं टेबल, मग मास्तर, आणि जागा उरली असेल तर घर. अशा घरात सायकलचं खोकं शिरलं ते आडवं, आणि शिरलं तसं दारातच रुतून बसलं. आणून देणारा सही घेऊन केव्हाच पसार झाला होता. आत मास्तर, बाहेर जिन्याच्या पायरीवर त्यांची बायको, जिला सगळे बाई म्हणत, आणि दोघांच्या मधे लेकीने पाठवलेलं ते धूड.

"सायकल पाठवलीय का घोडा?" बाईंनी बाहेरून विचारलं.

"तू बोलू नकोस. बसून दम खा."

"बसलेच आहे. आत येऊ देताय कुठे?"

हा दमच सगळ्या भानगडीचं मूळ होता. बाई वाचनालयात कामाला. ज्यांना वाचनालयापर्यंत येणं जमत नाही, त्यांना घरपोच पुस्तकं द्यायची आणि वाचलेली परत आणायची. कॅरिअरवर पत्र्याची पेटी बांधून त्या सायकलने निघायच्या. त्यांचे बहुतेक वाचक वरच्या वस्तीत, चढावर. त्यात एक अंथरुणाला खिळलेल्या आजी होत्या, ज्यांना खून झाल्याशिवाय पुस्तक आवडत नसे. एक निवृत्त न्यायाधीश होते, ते फक्त प्रेमकथा न्यायचे, त्याही कायद्याच्या पुस्तकाचं कव्हर चढवून. आणि काही असे होते की त्यांना पुस्तक नको असायचं, बाई हव्या असायच्या.

गेल्या थंडीत बाईंच्या हृदयाने कुरकुर सुरू केली आणि डॉक्टरांनी चढ बंद केला. ग्रंथपाल भला माणूस. "बाई, आता आराम करा," म्हणाला. बाईंना ती शिवी वाटली. ही फेरी करायला दुसरं कोणी तयार नव्हतं. बाई थांबल्या की फेरी थांबणार, आणि वरच्या वस्तीतल्या दारांवर टकटक करणारं कुणी उरणार नाही. त्यांनी ग्रंथपालाकडून महिनाअखेरपर्यंतची मुदत भांडून घेतली. चढावर मोटार ओढणार असेल तर डॉक्टरांचीही ना नव्हती. म्हणून ही बॅटरीची सायकल.

खोकं कसंबसं आत आल्यावर लेकीचा फोन आला. "बाबा, जोडून द्यायला माणूस येतो. त्याला बोलवा."

"का? माझे हात काय मोडलेत?"

"आई, तू सांग ना त्यांना."

"मी लग्नापासून सांगतेय," बाई म्हणाल्या. "तू अजून नवीन आहेस."

मास्तरांनी कापायचं टेबल रिकामं केलं. गिऱ्हाइकांचे अर्धवट कोट खुंटीवर गेले. बाईंना खुर्ची मिळाली आणि हातात माहितीपुस्तिका. मास्तर स्वतः असल्या पुस्तिका वाचत नसत. शिंप्याने चित्र बघून शर्ट शिवायचा म्हणजे काय, असा त्यांचा बाणा. पण बाईंनी मोठ्याने वाचलेलं ऐकू येत असेल तर त्याला इलाज नव्हता.

सांगाड्यात मागचं चाक आधीच बसवलेलं होतं, मोटार त्याच्याच पोटात. बाकीचे भाग मास्तरांनी टेबलावर असे मांडले की जणू कापलेलं कापड. पुढचं चाक म्हणजे पुढा, हँडल म्हणजे बाह्या, सीट म्हणजे कॉलर.

"प्रकरण दुसरं," बाई कादंबरी वाचावी तशा वाचू लागल्या. "पुढचं चाक बसवणे. ब्रेकच्या फटीत प्लॅस्टिकची चकती आहे. ती आधी काढावी."

"काढली."

"काढली का खिशात टाकली?"

"खिशात टाकली म्हणजे काढलीच ना."

डावं पायडल काही केल्या बसेना. मास्तरांनी दोनदा जोर लावला, तिसऱ्यांदा कंपनीचा उद्धार केला. बाई शांतपणे पान उलटून म्हणाल्या, "डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते उलट्या बाजूला फिरवून आवळावं."

"हे आधी नाही सांगायचं?"

"तुम्ही प्रकरणं गाळून पुढे गेलात. मग खुनी कोण ते कसं कळणार?"

हसता हसता त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मास्तर उगाच एक पान्हा पुसत राहिले.

दुपारी ब्रेक लावायला घेतले. चाक फिरवलं की त्यावरची ब्रेकची लोखंडी चकती एका जागी घासायची. मशीनचा सूर बिघडला तर मास्तर दुसऱ्या खोलीतून ओळखत. त्यांनी डोळे मिटून चाक फिरवलं, ब्रेकचे दोन स्क्रू सैल केले, ब्रेक दाबून धरला आणि परत आवळले. घासणं गेलं. खुशीत येऊन त्यांनी मशीनच्या तेलाची कुपी उचलली, तोच बाई म्हणाल्या, "चकतीला तेलाचा थेंबही लागू देऊ नये." कुपी हवेतच थांबली आणि जणू तिकडेच जायची होती अशी साखळीकडे वळली.

राहिली सीट. "बसून दाखवू का?" बाईंनी विचारलं. "उंची लावायला?"

"काही गरज नाही. तुझं माप मला पाठ आहे."

ही मास्तरांची जुनी मिजास. जगाची मापं ते फितीने घेत, बायकोचं कधीच नाही. लग्नानंतरचा पहिला ड्रेस अंदाजाने बेतला, तो असा बसला की पुढे त्यांनी तिला फीत लावलीच नाही. गिऱ्हाइकांना ऐकवायचे, "हिचे कपडे मी झोपेत कापतो." आताही त्यांनी सीटच्या दांड्यावर खडूची रेघ मारली आणि रेघेवर नट आवळला. पुस्तिकेत वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी बाई वाचत बसल्या.

बॅटरी रात्रभर भरली. सकाळी सायकल खाली गल्लीत उतरली. समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवून विचारलं, "मास्तर, हिला बटणं कुठे लावलीत?"

"तुझ्या तोंडाला लावणार आहे," मास्तर म्हणाले. मोटारीचा जोर त्यांनी सगळ्यात कमीवर ठेवला आणि सायकल दोन्ही हातांनी धरली. "बस."

बाई बसायला गेल्या आणि जमेना. पाय वर जाईना, गेला तर दुसरा जमिनीवर टेकेना. मास्तर म्हणाले, कंपनीने चाक मोठं दिलंय. सीट खाली घेतली. तरी बाईंचे चवडे अधांतरी. अजून खाली घेतली. दांडा सांगाड्याच्या नळीत जाऊन आत अडला, पुढे सरकेना. अजूनही बाई एका बाजूला कलंडत होत्या आणि हँडल त्यांना लांब पडत होतं.

"सरळ बस ना जरा."

"सरळच बसलेय."

तोल जातोय असं वाटून मास्तरांनी त्यांना कमरेला धरलं. आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

ड्रेसच्या कडेच्या शिवणीत, आतल्या बाजूने, आणखी एक शिवण होती. हाताने घातलेली, लांब लांब टाक्यांची. तिच्या आत अजून एक. मास्तरांची बोटं कापड वाचायची. त्यांनी शिवण वरपासून खालपर्यंत वाचली. दोन्ही बाजूंना मूठ मूठ कापड दुमडून आत दडवलेलं होतं.

"हा टाका माझा नाही," ते म्हणाले.

बाई हँडलकडे बघत राहिल्या.

"सगळेच कपडे?"

"अंगावर घालायचे तेवढे."

"मशीन घरात असताना हाताने का शिवत बसलीस?"

"मशीनचा आवाज तुम्हाला ऐकू आला असता."

इस्त्रीवाला आत निघून गेला. त्याला अचानक काम आठवलं.

मास्तरांनी बाईंना उतरवलं आणि वर नेलं. एकेका पायरीवर थांबत त्या चढल्या, आणि मास्तर पहिल्यांदाच ते थांबणं बघत चढले. वर आल्यावर त्यांनी गळ्यातली फीत काढली. बाई उभ्या राहिल्या, गिऱ्हाइकासारखे हात किंचित बाजूला करून. मास्तरांना आकडा मोठ्याने उच्चारायची सवय. त्यांची मापं गल्लीत ऐकू जात. या वेळी त्यांनी एकही आकडा उच्चारला नाही. खांदे, पाठ, कंबर, आणि कमरेपासून टाचेपर्यंत, जिथे गुडघा आता पुरता सरळ होत नव्हता. पाठीवर फीत दुसऱ्यांदा लावली. माप तेच आलं.

"डॉक्टर काय म्हणाले होते? खरं सांग."

"म्हणाले, वजन उतरणं चांगलं नाही."

"मला म्हणालीस, सगळं ठीक आहे."

"तुम्ही तरी विचारलंत का? तुम्हाला पाठ होतं ना सगळं."

त्या रागावून बोलल्या नाहीत, म्हणून ते मास्तरांना जास्त लागलं. ते खाली मान घालून फीत गुंडाळत राहिले. गुंडाळून झाली तरी गुंडाळतच राहिले.

"मग काय करायचं?" त्यांनी विचारलं. "परत पाठवू?"

"परत कशाला? चढावर आजी वाट बघतायत. मला पुरेल इतकी खाली करा ती."

मास्तरांनी खाली जाऊन सीट दांड्यासकट उपसून वर आणली आणि दांडा टेबलाला पकडीत आवळला. खालच्या टोकाजवळ कंपनीची एक आडवी खूण होती. ती नळीच्या आत बुडालेली असेल तरच सीट पक्की, एरवी नाही. त्या खुणेच्या वर त्यांनी खडूने नवी रेघ मारली आणि लोखंड कापायची करवत घेतली.

"अहो," बाई म्हणाल्या, "एकदा कापलं की वर घेता यायची नाही."

"माहीत आहे."

कुणाचाही कपडा बेतताना मास्तर आत जास्तीचं कापड सोडत. माणूस सुटतो, भरतो, कपडा उसवून मोठा करता आला पाहिजे. दांड्यात सोडायला काही नव्हतं. करवत चालत राहिली, तुकडा खाली पडला. मग त्यांनी कानशीने कड घासली, हाताला लागू नये इतकी गुळगुळीत केली. ती कड नळीच्या आत जाणार होती, कुणाच्याच हाताला लागणार नव्हती.

खाली येऊन सीट परत बसवली, हँडल मागे घेतलं. ब्रेकचे दांडे बोटांजवळ आणले. बाई बसल्या, दोन्ही पाय पुरते जमिनीवर टेकले आणि त्यांचा चेहरा खुलला. मास्तरांनी कॅरिअर धरलं आणि सायकलीबरोबर धावू लागले.

"सोडा आता."

"सोडतो."

"म्हणता सोडतो आणि धरता घट्ट. अहो, मोटार तुम्हालाही ओढून नेतेय."

मास्तरांनी हात सोडला. मोटार हलकेच गुणगुणली आणि बाई कोपऱ्यावरून चढाकडे वळल्या.

तो सगळा उन्हाळा, मग पावसाळाही फेरी चालली. आजींना खून मिळत राहिले, न्यायाधीशांना प्रेम. मास्तरांनी बाईंचे सगळे कपडे उसवून नव्या मापाने शिवले, आणि थोड्याच दिवसांनी परत उसवले. आता ते दर वेळी फीत लावत. थंडी परतली तशी फेरी दोन घरांवर आली, मग खिडकीतून सायकलकडे बघण्यावर. एका सकाळी तेही थांबलं.

काही दिवस गेले, मग ग्रंथपाल आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "मास्तर, ती पत्र्याची पेटी... सावकाश द्या. घाई नाही."

"पेटीत पुस्तकं आहेत," मास्तर म्हणाले. "द्यायची आहेत. आणि आजींकडे एक खून राहिलाय, तो आणायचाय. मी जातो."

मास्तर अंगाने उंच, ताडमाड म्हणावे असे. त्या बुटक्या सीटवर बसून ते चढ चढू लागले की त्यांचे गुडघे दोन्ही बाजूंना कोपरांसारखे बाहेर यायचे. पोरंटोरं हसायची. सीटचा नवा दांडा कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतो, हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालं. वरच्या वस्तीत न्यायाधीश स्वतः फाटकापर्यंत आले.

"मास्तर, सीट वर घ्या हो. गुडघे कानाला लागतायत."

"घेतो ना. नवा दांडा सांगून ठेवलाय. येत्या आठवड्यात येईल."

न्यायाधीशांनी आपले सगळे कोट याच मास्तरांकडून, असंच 'येत्या आठवड्यात' ऐकत ऐकत शिवून घेतले होते. त्यांनी उलटतपासणी केली नाही. कव्हर चढवलेलं पुस्तक काखेत धरून ते फाटकातच उभे राहिले. मास्तर परत त्या बुटक्या सीटवर बसले, गुडघे बाहेर काढले आणि आजींच्या घराकडे निघाले.