तेवीस भांड्यांचा पुळका

हरलेल्या कोचची कीव करावी की करू नये, यावर आमच्या गावात गेल्या नोव्हेंबरात जेवढा काथ्याकूट झाला तेवढा मेयरच्या निवडणुकीतही झाला नव्हता. रेडिओवर झाला, चर्चच्या पायऱ्यांवर झाला, आणि माझ्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येक डोक्याने केला. मी न्हावी. एकतीस वर्षं या गावाची डोकी माझ्या हाताखालून जाताहेत, त्यामुळे कुठल्या डोक्यात किती आहे ते मला कात्री लावायच्या आधी कळतं. माझं मत मी तेव्हाच सांगून टाकलं होतं: कोचची कीव करायला मला फुरसत नाही. पण सांगायचंय ते त्याच्याबद्दल नाही. सांगायचंय ते ओडेल प्रुइटबद्दल.

ओडेल आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचं सामान सांभाळायचा. चौतीस वर्षं. जर्सी धुवायच्या, हेल्मेटचे पट्टे आवळायचे, बुटांचे खिळे बदलायचे, आणि चेंडू तयार करायचे. आमचा तो लांबुळका चेंडू कारखान्यातून येतो तेव्हा त्यावर मेणचट थर असतो, हातात ठरत नाही. तो थर ओल्या ब्रशने घासून काढायचा, कातड्याला तेल चोळायचं, पुन्हा घासायचं. एका चेंडूला पाऊण तास. सामन्याला बारा चेंडू लागतात आणि बाराच्या बारा ओडेल स्वतः करायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. धुतलेली जर्सी ज्या नंबरची त्याच नंबरच्या खुंटीवर जायची. चौतीस वर्षांत अठ्ठावन्नची जर्सी पंच्याऐंशीच्या खुंटीवर गेली असं एकदाही झालं नाही. बोलायला मात्र महाकंजूष. दर दुसऱ्या गुरुवारी साडेचारला माझ्याकडे यायचा आणि अर्ध्या तासात तीन वाक्यं बोलायचा, त्यातलं एक "बस झालं" असायचं.

त्याची बायको मेव्हिस सहा वर्षांपूर्वी गेली. आमच्याकडे कुणाच्या घरी मयत झालं, ऑपरेशन झालं, आग लागली, की चर्चच्या बायका यादी करतात आणि पाळीपाळीने जेवण पोचवतात. काचेच्या खोलगट भांड्यात भट्टीत भाजलेला कोंबडी-भात, नाहीतर मक्याचं काहीतरी, वर चीजचा थर. भांड्याच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. भांडं आठ-पंधरा दिवसांत घासून परत करायचं आणि रिकामं परत करायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मेव्हिसच्या वेळी ओडेलकडे एकोणीस भांडी गेली होती. एकोणीसच्या एकोणीस त्याने आरशासारखी लख्ख केली, अंगणातल्या पिकनच्या झाडाच्या, अक्रोडासारख्या बिया फोडून, सोलून, प्रत्येकात ओंजळभर दाणे घातले आणि दारोदार जाऊन परत केली. आमचं भांडं नवं होतं तेव्हाही इतकं चकचकीत नव्हतं. माझी बायको नेडीन म्हणाली, "याला ठेवूनच घेऊया आपण." भांड्याला नाही, ओडेलला.

मग ओहायोहून केसलर कोच आला. पांढरेशुभ्र दात, आमच्या रंगाचा टाय, आणि तोंडात एकच शब्द, संस्कृती. म्हणे, मी इथली संस्कृती बदलायला आलोय. टायरवाला रॉइस तर त्याच्यावर असा भाळला की माझ्या खुर्चीत बसून कोचसारखा भांग पाड म्हणाला. रॉइसला पाडायला भांग शिल्लक होता कुठे! पहिल्या वर्षी कोचने चार सामने जिंकले, दुसऱ्या वर्षी तीन. तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात शेजारच्या काउंटीच्या कॉलेजशी सामना होता आणि तिथे ओडेलचं कपाळ फुटलं.

त्या शनिवारी ऊन असं की बाकावर टेकलेला हात भाजत होता. दोन मिनिटं उरली होती, आम्ही चार गुणांनी पुढे होतो, चेंडू आमच्याकडे होता. तो नुसता धरून ठेवायचा होता. पण चेंडू फेकणारा आमचा मुख्य खेळाडू कोल्बी, त्याच्या हातून तो एकदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला, आणि तिसऱ्यांदा समोरच्यांनी उचलून थेट रेघेपलीकडे नेला. हरलो. सामना संपल्यावर माइकसमोर केसलर काय म्हणाला? "आज चेंडूंनी आम्हाला दगा दिला. ते नीट तयार केलेले नव्हते. ज्याची जबाबदारी होती त्याच्याशी मी बोलेन." सोमवारी बोलला. हरल्याचं सगळं खापर ओडेलच्या डोक्यावर फुटलं आणि चौतीस वर्षांनंतर मंगळवारी तो एक पुठ्ठ्याचं खोकं काखोटीला मारून घरी गेला.

मंगळवारी माझ्या दुकानात रॉइस मान हलवत म्हणाला, "वय झालं रे त्याचं. हात थरथरतात म्हणे."

"हं," मी म्हणालो. गिऱ्हाइकाच्या कानामागे वस्तरा होता माझा.

ओडेलचा गुरुवार बंद झाला. चर्चला येणंही बंद. लोकांच्या पन्हळी साफ करताना, कुणाच्या अंगणातला पाला ओढताना दिसायचा, हात वर करायचा, बस. त्याला पैशाची चणचण असेलही, ते मला माहीत नाही. पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकच काम केलं, ते काम त्याने बिघडवलं असं सगळं गाव मानून बसलं होतं, आणि ते त्याला डाचत होतं. एवढंच एक नाव होतं त्याच्यापाशी, तेही गेलं. नेडीनने यादीवाल्या बाईंना फोन करून विचारलं, ओडेलकडे काही पाठवायचं का? बाई म्हणाल्या, "अगं, नोकरी जाणं यादीत बसत नाही. मयत, आजार, आग आणि बाळंतपण. उद्या मिलमधून काढलेल्या प्रत्येकाला पुरं पडणार आहोत का आपण?" आणि त्याच आठवड्यात घरच्या मैदानावर सामनाही होता, बायकांना सँडविचं करायची होती. राहून गेलं.

नोव्हेंबरात कट्टर वैऱ्यांनी आम्हाला पंचेचाळीस-तीन असं धुतलं आणि रविवारी कॉलेजने केसलरला नारळ दिला. त्याच्या अंगणात कुणीतरी 'घर विकणे आहे'च्या पाट्या रोवल्या, सतरा; चालता हो म्हणायची ही आमची रीत. इथवर ठीक होतं. पण सोमवारी रेडिओवाल्याला उमाळा आला. "तोही माणूस आहे, मित्रांनो. तोही कुणाचा नवरा आहे, कुणाचा बाप आहे. आपण पाट्या रोवतो तेव्हा त्याच्या लेकरांना काय वाटत असेल?" अरे वा! करारातली उरलेली तीन वर्षं त्याला घरी बसून साठ लाख डॉलर मिळणार होते, ते कळल्यावर लेकरांना काय वाटलं असेल तेही विचारायचं होतंस की. पण गाव विरघळलं. काल ज्यांनी पाट्या रोवल्या तेच आज डोळे पुसायला लागले. मंगळवारी नेडीनने भट्टी तापवलेली बघून मी विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. कोचच्या घरी द्यायचंय. यादी लागली आहे. तेवीस जणी आहोत."

"कुठल्या खात्यात? आजार की बाळंतपण?"

"टोमणे मारू नकोस, वेंडेल. त्याची बायको परक्या गावात एकटी पडली आहे."

"बाई माझे, तो माणूस हरायचे साठ लाख घेऊन चाललाय. त्याला तुझा कोंबडी-भात कशाला?"

"मग काय करू? त्यांच्या दारावरून मान वळवून जाऊ? मला नाही जमत ते."

"ओडेलच्या दारावरून बरं जमलं."

हे मी बोललो आणि स्वतःवर खूश झालो.  नेडीनने भांड्यावर चांदीचा कागद घट्ट बसवला आणि गाडीची चावी माझ्यापुढे ठेवली, कारण तिचा गुडघा धरला होता. आणि बघा, एवढा तोंडाळ मी, ते गरम भांडं मांडीवर टॉवेल घालून कोचच्या घरी मीच नेऊन दिलं. कोचच्या बायकोने दार अर्धंच उघडलं, कानाला फोन होता. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गॅरेजात ठेवा, बाकीच्यांबरोबर." मी ठेवलं. अदबीने टोपीला हातही लावला.

नऊ दिवसांत बिऱ्हाड ओहायोला हललं. एकही भांडं परत आलं नाही. बायका आपापसांत म्हणू लागल्या, पाठवतील हं, सामान लावत असतील. सोन्याची परात असती तरी मी तिची आशा सोडली असती. काचेची भांडी ओहायोहून कोण पाठवतंय! त्यांच्याकडे ही रीतच नाही, किंवा असेल आणि आमच्यासाठी नसेल.

घर विकायला घेतलेल्या दलालाने गॅरेज साफ करायला माणूस बोलावला. माणूस कोण, तर ओडेल.

पुढच्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला आमची घंटी वाजली. दारात ओडेल, धुतलेला शर्ट, भांग पाडलेला, केस मानेवर उतरलेले. हातात नेडीनचं भांडं. मागे त्याचा जुना ट्रक, आणि त्याच्या हौद्यात जुन्या टॉवेलांत एकेक गुंडाळून, ओळीने लावलेली भांडी. गॅरेजात ती अन्नासकट पडली होती, चांदीचे कागदही काढलेले नव्हते. हे त्याने सांगितलं नाही, दलालाने नंतर सांगितलं. म्हणे, दार उघडलं तेव्हा वासाने उभं राहवेना. ओडेलने सगळी घरी नेली, तीन दिवस भिजवली, घासली, बुडाची नावं वाचली.

नेडीनने भांडं हातात घेतलं. काच अशी स्वच्छ की खालची तिची बोटं दिसत होती. आत ओंजळभर पिकनचे दाणे, सोललेले, एकही तुटलेला नाही. तिने ते वर धरून बुडाचं स्वतःचं नाव वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"ओडेल, आत ये. बस. मी काहीतरी वाढते, दोन मिनिटं लागतील," ती म्हणाली.

"नको नेडीन," तो म्हणाला. "माझ्या घरी कुणी मेलेलं नाही."

रागाने नाही बोलला. यादीचा नियम सांगावा तसा बोलला, आणि पायऱ्या उतरायला लागला. मला राहवेना. मी मोज्यांवरच मागे गेलो.

"ओडेल! चेंडू चांगले होते."

"ठाऊक आहे."

"त्या कोल्बीचा अंगठा सुजला होता. पट्टी बांधली होती. त्याला खेळवायलाच नको होतं. मी अकराव्या रांगेत होतो, मला दिसलं."

तो थांबला. वळला. "कधी दिसलं?"

"म्हणजे?"

"कधी दिसलं तुला, वेंडेल?"

"तेव्हाच," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

त्याने मान हलवली, जणू माप बरोबर निघालं. मग ट्रककडे बघितलं. "अजून चौदा घरं राहिलीत," म्हणाला आणि गेला.

मी तसाच अंगणात उभा. कोचला शिव्या घालायला मी पहिला, आणि ज्या मंगळवारी एक वाक्य बोलायचं होतं तेव्हा मूग गिळून कानामागचे केस काढत होतो. केसलरने खोटं बोलून निदान स्वतःची नोकरी दोन महिने वाचवली. मी काय वाचवलं? रॉइसचं गिऱ्हाईक.

पुढच्या गुरुवारी साडेचारला, ओडेलच्या वेळेला, रॉइस खुर्चीत बसला होता. दुकानात आणखी पाच जण. "ऐकलंस का," तो म्हणाला, "केसलरला तिकडे दुसरी टीम मिळाली म्हणे. बरं झालं, बिचाऱ्याने फार सोसलं."

"चेंडू चांगले होते," मी म्हणालो.

"आं?"

"सप्टेंबरातले. चेंडू चांगले होते, कोल्बीचा अंगठा सुजला होता. तू माझ्या शेजारीच बसला होतास, रॉइस. मला कोपराने ढोसून तूच म्हणालास, याला कशाला पाठवतोय हा गाढव."

 बसलेल्या पाचांपैकी चौघांच्या घरी शनिवारी दाणे आले होते, मला माहीत होतं. रॉइसने आरशात माझ्याकडे बघायचं टाळलं, मग म्हणाला, "आता कशाला ते उकरायचं?"

दाराकडे माझं लक्ष गेलं. साडेचार वाजून गेले होते, कुणी आलं नाही.

"मान सरळ ठेव," मी म्हणालो.