तिच्या पासचा आकडा

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममधल्या आम्ही नऊ जणी आता पन्नाशी ओलांडून बसलो आहोत. कुणाचे गुडघे गेलेत, कुणाची कंबर, आणि माझा उजवा खांदा वरच्या फळीवरचा डबा काढतानाही कुरकुरतो. तरी दर रविवारी आमची मॅच असते. ती माझ्या लॅपटॉपमध्ये होते.

आमच्यातल्या एकीने हा गेम कुठूनसा शोधून आणला. त्यात आपल्या मनाने खेळाडू तयार करता येतात. प्रत्येकीला शंभरपैकी आकडे द्यायचे, नेम किती, पास किती, उडी किती, दम किती. मग कुणाला मैदानात उतरवायचं आणि कुणाला बाकावर बसवायचं, हे कॉम्प्युटर त्या आकड्यांवरून ठरवतो. मी बटण दाबते, मॅच चुटकीसरशी संपते आणि निकाल ग्रुपवर टाकते. त्यानंतर दिवसभर भांडणं. नातवंडं झालेल्या बायका ‘मले काहून बसवून ठेवलं’ म्हणून फुगून बसतात.

आकडे भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि माझ्या हिशेबावर सगळ्यांचा विश्वास. शिवाय टीमची स्टार मीच होते. हे तेव्हाची पेपरची कात्रणं म्हणतात, आणि खरं सांगायचं तर संधी मिळाली की मीही म्हणते. कात्रणं समोर ठेवून मी स्वतःच्या नेमाला अठ्ठ्याऐंशी दिले. कुणी हूं की चूं केलं नाही.

आमची एक पॉइंट गार्ड होती, म्हणजे बॉल घेऊन पुढे यायची आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवायची. उमरेडहून एसटीने यायची, आजही तिथेच राहते. मी डाव्या कोपऱ्यात मोकळी उभी राहायची आणि ही माझ्याकडे न बघता बॉल असा द्यायची की तो नेमका माझ्या हातात येऊन पडायचा. मला फक्त वर टाकायचा असायचा. कात्रणांत बास्केट टाकणारीचं नाव असतं, बॉल देणारीचं नसतं. तिच्या पासला मी बासष्ट दिले. आठवत नव्हतं म्हणाले तर ते धडधडीत खोटं होईल. मला सगळं आठवत होतं, आणि आठवत होतं म्हणूनच तो आकडा वाढवायला हात धजला नाही. बासष्टवर कॉम्प्युटरने तिला बाकावर बसवलं ते कायमचं.

हा गेम खेळाडूंना म्हातारंही करतो. दर वर्षी आकडे थोडे थोडे उतरतात आणि फार उतरले की तो त्या खेळाडूला निवृत्त करून टाकतो. म्हणून दिवाळी झाली की आम्ही माझ्या घरी जमतो आणि एकेकीचे आकडे मोठ्याने वाचून दुरुस्त करतो. पहिल्या वर्षी जी ती आपलीच शेखी मिरवायला लागली, तेव्हा वैतागून आम्ही नियम केला की स्वतःबद्दल एक शब्द बोलायचा नाही. तुझ्या आकड्यासाठी दुसरीने तोंड उघडलं पाहिजे. ही उमरेडवाली दर वर्षी माझ्यासाठी तोंड उघडायची. ‘हिचा नेम नको कमी करू, हिचा हात अजून तसाच आहे,’ म्हणायची. तिच्यासाठी कुणी बोलायचं नाही. मी बोलू शकत होते, पण त्या वेळी मी चहा टाकायला उठायची.

यंदा दिवाळीच्या तोंडावर गेमने सूचना दिली की पुढच्या हंगामात ती निवृत्त होणार. मी ते ग्रुपवर टाकलं नाही, फक्त तिला फोन केला. तिचा नवरा खाणीतून रिटायर झाला तो अंथरुणालाच खिळला. आमची बैठक सोडली तर तिचं घराबाहेर पडणं जवळजवळ बंदच झालंय. ती शांतपणे म्हणाली, ‘टीममधून काढलं तरी चालते. ग्रुपमधून नको काढू वं. दर रविवारी पाह्यते मी, माझं नाव येते का म्हणून.’

फोन ठेवल्यावर मी ग्रुपवरचे जुने निकाल वर सरकवत पाहिले. इतके रविवार मी तिच्या नावाशिवाय निकाल टाकत होते आणि ती ते शेवटपर्यंत वाचत होती.

मग मी एक प्रयोग केला. गेमची वेगळी प्रत काढली, त्यात तिचा पास त्र्याण्णव केला आणि अख्खा हंगाम खेळवला. ती पहिल्याच मॅचला मैदानात उतरली. आणि माझे गुण जवळजवळ दुप्पट झाले. माझा नेम मी एका आकड्यानेही हलवला नव्हता. पुन्हा खेळवून पाहिलं, पुन्हा तेच. सगळी कात्रणं तिच्या हातून माझ्या हातात आली होती, हे त्या मठ्ठ यंत्राला कळलं. मला ते आधीपासून माहीत होतं, म्हणून माझी लाज जास्त.

मी ठरवलं, यंदा सगळं सरळ करायचं. तिचा पास त्र्याण्णव, आणि माझा नेम सत्तर.

बैठकीला ती सकाळच्या बसने आली. बाकीच्या कोथिंबिरीच्या सांबारवडीवर तुटून पडल्या होत्या, ही दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली, उठून जायला सांगतील या तयारीने. मी तिचा नवा आकडा वाचला. म्हटलं, ‘हिच्या पासचा आकडा मी चुकवला होता. जाणूनबुजून चुकवला होता.’ मग आमची एक दणकट सेंटर, जी तेव्हा बास्केटखाली धक्के मारण्यासाठी प्रसिद्ध होती, म्हणाली, ‘त्र्याण्णव बरोबर आहे. मलेही हीच बॉल देत होती. आपण कोणीच कशी बोललो नाही वं?’ उमरेडवालीने मान खाली घातली आणि ती पर्सची चेन उघडबंद करत राहिली.

मग मी माझा आकडा वाचला. नेम, सत्तर.

‘हिचा काहून कमी केला?’ ती चटकन म्हणाली.

मी सांगायला तोंड उघडलं. माझे बास्केट म्हणजे तिचे पास होते, हे मला चारचौघींत बोलून मोकळं व्हायचं होतं. पण सगळ्या एकदम ओरडल्या, ‘नियम, नियम! स्वतःबद्दल नाही बोलायचं.’

‘अठ्ठ्याऐंशीच ठेव,’ ती म्हणाली. ‘शॉट हिचाच होता. मी काही उगाच कोणालेही बॉल देत नव्हती.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. सत्तर खोडून मी अठ्ठ्याऐंशी लिहिले.

संध्याकाळी तिला उमरेडच्या बसपर्यंत सोडायला गेले. वाटेत माफी मागायची म्हणून शब्द जुळवत होते. ती मात्र भलत्याच विचारात होती. बसच्या पायरीवर चढून वळली.

‘रविवारी मी खेळीन न?’

‘पहिल्यापासून खेळशील,’ मी म्हटलं.

‘मंग तू डाव्या कोपऱ्यात मोकळी राहजो,’ ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.