मिक्सर आहे का, असं मी विचारलंच नव्हतं

या सदरातले अनुभव माझी मुलगी पल्लवी मला वाचून दाखवते आणि मी भाकरी थापता थापता हसते. आज मीच लिहायला बसलेय, म्हणजे समजून घ्या.

राहात्यात बाजारतळाच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ आहे, अठरा वर्षं झाली. नवरा सोडून गेला तेव्हा घरात एक तवा आणि अर्धं पोतं बाजरी होती, तिथून उभी केलेली. माझ्या बाकांवर बसून लोकांनी काय काय सांगितलंय... घाटात बाई दिसली, ट्रक आपोआप थांबला. मी प्रत्येकाला एकच सांगते, "दादा, भाकरी गरम हाय तवर खाऊन घ्या." भुतापेक्षा माणूस जास्त फसवतो हा माझा अनुभव. फसवणारा माणूस मी आवाजावरून ओळखते, आणि ओळखला की त्याची खैर नसते. माझं तोंड गावाला माहीत आहे.

मागच्या हिवाळ्यात पल्लवीनं टूम काढली – आई, तू जन्मात समुद्र पाहिला नाहीस, तीन दिवस खानावळ बंद ठेव, आपण कोकणात जाऊ. जावई, नात, ती आणि मी. आधी मी नाहीच म्हणाले. मग तिनं मोबाईलवर हॉटेलांचे भाव दाखवले तेव्हा तर डोकंच फिरलं. एका खोलीचे तेवढे पैसे, आणि वर सकाळचे पोहे वेगळे! म्हटलं, दुसऱ्याचं शिळं खायला मी पैसे देणार न्हाई. स्वयंपाकघरासकट फ्लॅट बघ. गॅस त्यांचा, बाकी सगळं माझं. बाजरीचं पीठ, आमटीचा येसर मसाला, शेंगदाण्याची चटणी, कांदे – सगळं इथून न्यायचं.

गुहागरच्या बाजूला एका समुद्रकाठच्या गावातला फ्लॅट पल्लवीनं शोधला. एक खोली, किचन, तळमजला, समुद्र चालत पाच मिनिटं. मालक साळवीकाका म्हणून एक रिटायर माणूस. फोन नंबर दिला आणि जाता जाता म्हणाली, "मावशीला पण घेऊ या का गं? दोघी बहिणी..."

"तिचं नाव काढलंस तर तूपण घरी बस," मी ओरडले. बाकावरची गिऱ्हाइकं खाली बघून जेवायला लागली.

मावशी म्हणजे शोभा, माझी धाकटी बहीण. सोनईला दिलेली. नऊ वर्षं आम्ही बोलत नव्हतो. कारण सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आई शेवटी शोभाकडे होती. ती गेली तेव्हा मला कुणी कळवलं नाही. मला संध्याकाळी बाहेरच्या माणसाकडून कळलं. मी पोचले तेव्हा चिता विझत आली होती. दहाव्याला मी चारचौघांत शोभाला विचारलं, एक फोन करायला तुझा हात मोडला हुता का? ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी ठरवलं – मला बहीण नाही.

तर बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास मी साळवीकाकांना पहिला फोन केला. पहिला – हे लक्षात ठेवा.

"नमस्कार, राहात्याहून बोलतेय, फ्लॅटसाठी..."

"अहो ताई, बोला! कालच ठरलं ना आपलं? आता काय राहिलं?"

मी सावध झाले. हा प्रकार मला माहीत आहे. आधीच ठरलंय म्हणायचं, मग चढा भाव सांगून 'तुम्हीच कबूल झालात' म्हणायचं. "काय ठरलं? कुणाशी ठरलं? मी काल फोनच केला न्हाई!"

"तुमचाच तर आवाज. अकरा मिनिटं पिळून काढलंत मला." ते हसत होते. आणि भाव सांगितला.

तो माझ्या मनातल्या भावापेक्षाही कमी होता. मी आणखी सावध झाले. म्हटलं, ॲडव्हान्स किती मागताय? तर म्हणे, "तुम्हीच म्हणालात, आधी दमडी देणार नाही, आल्यावर बघून देऊ. मी बरं म्हटलं."

हे मी म्हटलंच असतं. शब्दसुद्धा हेच. पण मी म्हटलं नव्हतं. मंगळवारी पाऊण वाजता, म्हणजे ते सांगत होते त्या वेळी, मी चाळीस ताटं वाढत होते आणि मधेच गॅस सिलेंडरवाल्याशी भांडत होते. साक्षीला चाळीस माणसं आहेत.

"आणखी काय म्हणाले मी?" मी विचारलं.

"दोघी बहिणी येणार म्हणालात. बाजरीचं पीठ आणणार, आमचा तांदूळ नको. आणि मिक्सर आहे का, हे तीनदा विचारलंत. बहिणीच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय, तिला सगळं पातळ करून द्यावं लागतं म्हणून. मी घरचा मिक्सर आणून ठेवतो म्हटलं, काळजी नको."

"मला बहीण न्हाई," मी म्हटलं.

"असं कसं? मागून बोलत होत्या की! तुम्ही भावावर अडून बसलात आणि त्या मागून म्हणाल्या – चल गं, पाणी सुटलं असंल नळाला. मग तुम्ही लगेच म्हणालात, ठीक आहे काका, पक्कं."

माझ्या हातातला कालथा खाली ठेवावा लागला.

आम्ही दोघी लहान असताना आई आम्हालाच आठवडे बाजाराला पाठवायची. मी भाव करायचे, शोभा मागं उभी राहायची. ती तराजू बघायची, शेजारचे भाव ऐकून यायची. मग माझा पदर ओढून म्हणायची, "चल गं, एष्टी जाईल." त्याचा अर्थ, भाव जास्त आहे, सोड. आणि "चल गं, पाणी सुटलं असंल नळाला" म्हणाली की अर्थ, परवडतंय, घेऊन टाक. दुकानदाराला दोन्ही वेळी वाटायचं, या पोरी निघाल्या. आमच्या घरी तेव्हा नळ नव्हताच! ही गोष्ट आईलासुद्धा माहीत नव्हती. मी नवऱ्याला सांगितली नाही, पल्लवीला सांगितली नाही.

"नंबर कुठला आला होता?" मी विचारलं. त्यांनी वाचून दाखवला. मग व्हॉट्सॲपवर फोटोही पाठवला – मंगळवार, पाऊण वाजता, अकरा मिनिटं.

शोभाचा नंबर. नऊ वर्षं मी तो ब्लॉक करून ठेवला होता, पण पाठ होता.

आता माझ्या डोक्यात काय आलं असेल ते ओळखा. भूतबीत नाही. माझ्या डोक्यात आलं – पल्लवीनं मावशीला सगळं सांगितलंय, आणि ही बया माझा आवाज काढून माझ्या नावानं सौदे करतेय. आमच्या दोघींचा आवाज लहानपणी सारखाच होता. वर मला हिणवायला नळाचं बोलली! मी खानावळीला कुलूप लावलं, राहुरीपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपनं सोनई गाठली. रस्ताभर भांडण जुळवत होते.

दारातूनच सुरुवात केली. "शोभे! बाहेर ये! लई हुशार झालीस व्हय गं? माझ्या नावानं फोन करतीस?"

बाहेर आली ती तिची सून कविता. पीठ लागलेल्या हातानं मला थांबवायला बघत होती. "मावशी, हळू बोला... अहो मावशी, ऐका तरी..."

"तू मधी पडू नको! सासूला पाठव. तोंड हाय ना तिला?"

तेवढ्यात शोभा दारात आली. निम्मी झाली होती. गळ्याभोवती मऊ रुमाल, आणि रुमालाखालून श्वासाचा बारीक आवाज. तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आलाच नाही.

"आत्याबाईंचा आवाज गेला मावशी," कविता म्हणाली. "गळ्यात गाठ हुती. चार महिने झाले, डॉक्टरांनी आवाजाची सगळी पेटीच काढली. तुमाला कळवायचं न्हाई म्हणून त्यांनी शपथ घातली हुती."

मी पायरीवरच बसले. पण बसल्यावरसुद्धा माझा संशय गेला नाही, हे खरं सांगते. मी कविताला म्हटलं, तुझा फोन दाखव, हिचा फोन दाखव. शोभाच्या फोनमध्ये मंगळवारचा एकही फोन नव्हता. मंगळवारी पाऊण वाजता त्या दोघी नगरच्या दवाखान्यात तपासणीला होत्या, शोभा आत मशीनखाली आणि तिचा फोन बंद करून कविताच्या पर्समध्ये. दवाखान्याचा कागद दाखवला, त्यावर वेळ होती. मग कविताच बोलली असेल का? ती पैठणकडची, आवाज चिमणीसारखा, बोली वेगळी. फोनवर कुणी तिला सुमन खानावळवाली, म्हणजे मी, समजणं शक्य नाही.

पल्लवीला फोन लावला. "मावशीच्या ऑपरेशनचं तुला माहीत हुतं?" ती रडायलाच लागली. तिलाही माहीत नव्हतं.

शेवटी मी शोभाला विचारलं, "नळाचं कुणाला सांगितलं हुतंस?"

तिनं मान हलवली. नाही. मग एकदम तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती! मग वहीवर लिहून दाखवलं, *भाव काय लागला?*

मी सांगितला. तिनं भुवया वर केल्या आणि लिहिलं, *मग सोडू नको.*

लोकांना मी सांगते की भाव चांगला होता म्हणून गेलो. पल्लवी म्हणाली, आम्ही नंतर कधीतरी जाऊ, ठरलंय तसं तुम्ही दोघीच जा. कविताने डॉक्टरांना विचारलं, गळ्याची नळी कशी साफ करायची ते मला दोनदा करून दाखवलं, आणि आम्ही निघालो.

साळवीकाका दाराशी उभे होते. मी "काका, पाणी चोवीस तास हाय ना?" एवढंच म्हटलं, तर हसून म्हणाले, "बघा, हाच आवाज. मी सांगत होतो ना!" मग शोभाकडे वळून म्हणाले, "आणि मागून बोलणाऱ्या तुम्ही." शोभानं रुमालाला हात लावला. मी त्यांना लई उलटसुलट विचारलं. माणूस खोटं बोलत नव्हता. बोलून त्याला मिळणार काय होतं? ॲडव्हान्स घेतला नाही, भाव कमी दिला, वर ओट्यावर घरचा मिक्सर आणून ठेवला होता, बायकोनं पुसून.

जावई म्हणतो, हल्ली दुसऱ्याचा नंबर दाखवून फोन करता येतो, आवाजही बनवता येतो. येत असेल. पण इतकी उठाठेव करून माझ्यासाठी स्वस्तात फ्लॅट कोण ठरवील? आणि बहिणीला पातळ लागतं, हे कुणाला सुचेल?

दोन दिवस मी येसर आमटीत भाकरी कुस्करून मिक्सरला फिरवून तिला देत होते. समुद्र पाहिला. भरतीला घाबरून मीच मागं पळाले, ती हसली. आईचा विषय मी काढला नाही. पण माझा स्वभाव... तिसऱ्या दिवशी दुपारी, पिशव्या भरून झाल्यावर, गॅलरीत बसलो होतो. मी विचारलंच.

"शोभे, एकच सांग. आईच्या वेळी मला फोन का न्हाई केलास?"

ती माझ्याकडे बघत राहिली, दहाव्याला बघत होती तशीच. मग वही घेतली. लिहायला तिला वेळ लागतो. इतकी वर्षं मी कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. त्या दिवशी बसून राहिले.

*केला होता. पहाटेच. तूच उचललास. "निघाले, मी आल्याबिगर हलवू नका" म्हणालीस. दुपारपर्यंत थांबलो. मग भाऊबंद ऐकेनात. आणि दहाव्याला तू सगळ्यांसमोर मलाच विचारलंस.*

मला त्या पहाटे फोन आला नव्हता. आईच्या शपथेवर सांगते, आला नव्हता. आला असता तर मी अनवाणी गेले असते.

मी तिचा चेहरा नीट पाहिला. समोरच्यानं भाव फुगवून सांगितला तर मला डोळ्यांत कळतं, त्यावरच माझं पोट चाललंय. तिच्या डोळ्यांत काहीही फुगवलेलं नव्हतं. म्हणजे नऊ वर्षं ती समजत होती की मी येते म्हणून सांगून आले नाही, आणि वर कांगावा केला. आणि मी समजत होते...

"शोभे, तो फोन मी न्हाई उचलला," मी म्हटलं.

तिनं खाली दोनच शब्द लिहिले. *मग कुणी?*

आणि पेन माझ्यापुढं धरलं. मला बोलता येतं हे ती विसरली होती, आणि खरं सांगते, मीही विसरले होते. मी पेन घेतलं. तिच्या दोन शब्दांखाली टेकवलं. साळवीकाकांनी किल्लीसाठी दार वाजवलं तोवर टेकवलेलंच होतं. तिथं शाईचा एक ठिपका आहे. त्यापुढं मला आजपर्यंत काही लिहिता आलेलं नाही.